सुपातल्या पोराचं नाव

मास्तरांचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की अर्थ सांगावा लागेल, आणि अर्थ सांगायचा तर तो त्यांच्यासारखाच सांगावा लागेल, म्हणजे उभं राहून, डोळे मिटून, अगदी मूळ धातूपासून. तेवढा दम आता माझ्यात नाही. शिवाय शिरूरच्या मिशन कंपाउंडात त्यांना नावाने कुणी ओळखतही नव्हतं. मागे सगळे त्यांना अर्थमास्तर म्हणत, समोर नुसतं मास्तर.

स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी वडगाव रासाईहून शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकवायला आलो, आणि तिथल्याच या वयस्कर शिक्षकांच्या घरामागची खोली मला राहायला मिळाली. पेटी खाली ठेवायच्या आत त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. मग अर्थ विचारला. मी म्हणालो, आमच्या कुलदैवताचं नाव आहे, आजोबांचंही हेच होतं.

"कुणाचं आहे ते नाही विचारलं, गुरुजी," मास्तर म्हणाले. "अर्थ विचारला. बिनअर्थाचं नाव म्हणजे बुड नसलेला तांब्या."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी बुड नसलेला तांब्या ठरलो. मी हिंदू आणि ते ख्रिस्ती, पण त्यांनी मला कधी बायबल वाचा म्हणून गळ घातली नाही. नावाचा अर्थ शोधा म्हणून मात्र वर्षभर पाठीस लागले होते.

त्यांच्या विद्येचं मूळ एका जाडजूड हिब्रू कोशात होतं. कंपाउंडातले एक म्हातारे गोरे पाद्री विलायतेला परत जाताना तो त्यांना देऊन गेले होते आणि जाण्याआधी वाचायलाही शिकवून गेले होते. मास्तरांच्या मते देव जगाशी पहिल्यांदा बोलला तो हिब्रूत, त्यामुळे त्या भाषेतल्या नावात फुकटचं काही नसतं. पुढे शिरूरच्या वाळवीने कोशाची शेवटची पानं फस्त केली. त्या भाषेत श आणि त ही अक्षरं शेवटी येतात म्हणे. त्यामुळे शमुवेल, शलमोन, शिमोन आणि तामार या मंडळींची पंचाईत झाली. एखादा शलमोन भेटला की मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळहळायचे, तुझा अर्थ वाळवीच्या पोटात गेला रे बाबा, म्हणायचे. काही शलमोनांना याचं खरोखर वाईट वाटायचं.

ज्यांचे अर्थ शाबूत होते त्यांची तर सुटकाच नव्हती. त्यांच्या बायकोचं नाव राहेल. लग्नाच्या दिवशीच नवऱ्याने सांगितलं की राहेल म्हणजे मेंढी, तेव्हापासून मी मान खाली घालून चालते, असं काकू सगळ्यांना सांगत. घरात मात्र पान हलायचं ते काकूंच्या हुकमाने, आणि मेंढीमागून मेंढपाळ निमूट चालायचा.

वर्गात ते हजेरी घेत तीसुद्धा अर्थाने. योना नावाच्या मुलाला कबूतर म्हणून पुकारायचे, दबोराला मधमाशी, याकोबला टाच धरणारा. मुलंही सरावली होती. कबूतर हजर आहे, मधमाशीला ताप आलाय, टाच धरणारा शेळ्या घेऊन नदीवर गेलाय, अशी उत्तरं यायची. एकदा शिक्षणखात्याचे तपासनीस न सांगता आले आणि दाराबाहेर उभे राहून त्यांनी हा प्रकार ऐकला. ही शाळा आहे की पांजरपोळ, असं त्यांनी हेडमास्तरांना विचारलं. मास्तर शांतपणे बाहेर आले, नमस्कार केला आणि त्यांनी साहेबांना त्यांच्याच नावाचा अर्थ विचारला. साहेबांना तो सांगता येईना. ते चहा न घेताच पुण्याची एस.टी. पकडून गेले, आणि हेडमास्तर आठवडाभर मास्तरांशी बोलले नाहीत.

मिशनच्या देवळात त्यांचा एक स्वघोषित हक्क होता. बाप्तिस्म्याला बाळ पुढे आणलं, नाव जाहीर झालं, की पाळकसाहेबांनी, म्हणजे देवळाच्या पाद्रींनी, पाण्यात हात घालायच्या आधी मास्तर आपल्या बाकावरून उठत आणि नावाचा अर्थ सांगत. हा हक्क त्यांना कुणी दिला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि काढून घ्यायची हिंमतही कुणाला नव्हती. अर्थ संपेपर्यंत बाळ झोपी जायचं, बऱ्याचदा बाळाचा बापही. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन थोडक्यात आटपायची विनंती केली. अर्धा अर्थ सांगणं हे खोटं बोलणंच आहे आणि देवळात मी खोटं बोलत नसतो, असं उत्तर त्यांना मिळालं. ते त्यांच्या तोंडचं ठरलेलं वाक्य होतं. वाण्याने अर्ध्या शेराला कमी डाळ घातली तरी ते हेच ऐकवायचे.

लग्नातही ते गप्प बसत नसत. शाळेच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात सगुणाबाई म्हणून एक म्हातारी भाकऱ्या थापायला होती. अंगाने धिप्पाड, तोंडाने फटकळ. तिची एकुलती एक मुलगी रिबका. तिचं लग्न ठरलं दौंडच्या रेल्वेत फायरमन असलेल्या कालेबशी. हा पोरगा इंजिनात कोळसा टाकायचा आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याच्या नखांतली काजळी गेली नव्हती. जेवणाच्या आधी मास्तर उभे राहिले. त्यांनी सांगितलं की कालेब म्हणजे कुत्रा, धन्याच्या मागे इमानाने जाणारा. रिबका म्हणजे दावं, जनावर बांधायचं. तेव्हा देवाने ही जोडी किती विचारपूर्वक जुळवली आहे ते पाहा. नवऱ्याकडची माणसं नगरकडची होती. त्यांनी फक्त कुत्रा एवढंच ऐकलं. वऱ्हाड उपाशी परत निघालं होतं. शेवटी कालेबच हसत उठला आणि म्हणाला, "आता दावं बांधूनच घेतलंय, तर जेवून तरी जाऊ." मला तो पोरगा त्या दिवसापासून आवडला.

पुढचं मला हसत सांगता येणार नाही, पण त्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत.

रिबका पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली. मुलगा झाला. नाव शोधायला लोक मास्तरांकडेच येत, तशी सगुणाबाईही आली. मास्तरांनी नाव दिलं नथानेल, म्हणजे देवाने दिलेला. देवळात त्यांनी असा अर्थ सांगितला की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाळ पावसाळ्यात हगवणीने गेलं. मग मुलगी झाली. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं हन्ना, म्हणजे कृपा. तिला दात येत होते, तेवढ्यात गोवर आला. दोन्ही वेळा मास्तर त्या लहानशा पेटीमागून घोड नदीजवळच्या कबरस्तानापर्यंत चालत गेले आणि दोन्ही वेळा एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला सगळ्यांना ते फार चमत्कारिक वाटलं होतं.

तिसऱ्या खेपेला पुन्हा मुलगा झाला. या वेळी सगुणाबाई नाव विचारायला आली नाही. बारावा दिवस गेला, पाळणा टांगला नाही. रिबका बाळाला पाजायची, न्हाऊ घालायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही आणि त्याला कशानेही हाक मारायची नाही. बाळा म्हणायची नाही, सोन्या म्हणायची नाही. ते रडलं की "ते उठलं" एवढंच आईला सांगायची. शेजारणी दबक्या आवाजात बोलू लागल्या. आधीची दोन गेली तेव्हा जी बाई धाय मोकलून रडली होती, ती जिवंत लेकराजवळ मुकी होऊन बसली होती.

एके दिवशी सकाळी मास्तर ओसरीवर कोंबड्यांना दाणे टाकत होते आणि मी दाढी करत होतो. सगुणाबाई फाटकातून आत आली. तिच्या हातात सूप होतं आणि सुपात बाळ होतं.

"मास्तर, ह्ये पोर इकत घ्या," ती म्हणाली.

ही रीत मला ठाऊक होती. आमच्या गावात ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नव्या बाळाला सुपात घालून शेजाऱ्याला मूठभर धान्यावर विकत. म्हणजे ते पोर त्या अपेशी घराचं राहत नाही, आणि नेणारा दार चुकतो. वर त्याचं नाव ठेवायचं केरू, दगडू, धोंडू, असं काहीतरी टाकाऊ. ख्रिस्ती होऊन सगुणाबाईची दुसरी पिढी चालली होती, पण भीतीने काही धर्म बदललेला नव्हता.

मास्तरांच्या कपाळावरची शीर उडू लागली. त्यांनी विचारलं, "सगुणाबाई, मरण काय एवढं मूर्ख आहे?"

"शहानं असतं, तर माझ्यावानी म्हातारी सोडून तान्ही लेकरं न्येली असती का?" ती म्हणाली. "पहिल्याला तुमी म्हनला, देवानं दिल्याला. ज्यानं दिला त्यानं न्येला. दुसरीला म्हनला, किरपा. ती बी गेली. तुमी नावं लई चांगली ठिवता, मास्तर. ऐकनाऱ्याला हवीशी वाटत्यात. आता ह्याला असं नाव ठिवा का कुनाला न्यावंसंच वाटू न्हाई. धोंडू ठिवा."

मास्तरांनी हातातला दाण्यांचा डबा खाली ठेवला. ते वळून घरात गेले. सगुणाबाई सूप धरून तशीच उभी. मला काय वाटलं कोण जाणे, अर्ध्या दाढीनिशी मी पुढे झालो, कोंबड्यांच्या डब्यातली मूठभर बाजरी तिच्या पदरात घातली आणि सूप हातात घेतलं. रीतीप्रमाणे म्हणालो, हे पोर माझं, तुमच्याकडे सांभाळायला देतो. बाळाने माझ्या तोंडावरच्या साबणाकडे पाहून भोकाड पसरलं. आतून मास्तरांचा आवाज आला, "तो कोंबड्यांचा दाणा आहे, गुरुजी." दाणा परत मात्र त्यांनी मागितला नाही.

पाळकसाहेबांना अर्थातच हे कळलं. ते तसे भले गृहस्थ, पण या बाबतीत कडक होते. नाव मराठी असायला आपली हरकत नाही, पण मरणाला फसवायला म्हणून ठेवलेल्या नावाने मी बाप्तिस्मा देणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सगुणाबाई म्हणाली, मग राहू दे बाप्तिस्मा. ख्रिस्ती घरात हे म्हणजे घरादाराने वाळीत बसण्यासारखं होतं. तिच्या हट्टापायी रिबकाही देवळात यायची बंद झाली.

शेवटी मास्तर म्हणाले, बापाला विचारू. रविवारची शाळा सोडून ते मला घेऊन दौंडला निघाले. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त ते काळा कोट घालून, कोश मांडीवर घेऊन बसले होते. कोश कशाला घेतला, हे मी विचारलं नाही.

कालेब आम्हाला लोकोशेडच्या बाहेर भेटला. नुकताच इंजिनावरून उतरला होता, फक्त डोळे आणि दात पांढरे. मास्तरांनी त्याला दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मास्तर, मला कंचं बी नाव चालंल," तो म्हणाला. "रिबका त्याला हाकच मारत न्हाई. मी सुट्टीला जातो, दिसभर तिच्यासमोर बसतो, ती एकदा बी हाक मारत न्हाई. ती हाक मारंल असं काय तरी बघा."

एवढं बोलून तो तोंड धुवायला नळावर गेला आणि बराच वेळ धूत राहिला.

दौंडला आले की मास्तर एका गार्डसाहेबांना हटकून भेटत. हे गार्ड बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना तिकडे शनवार तेली म्हणत. ज्या लोकांची हिब्रू, त्यांच्यातला खराखुरा माणूस शिरूरपासून इतका जवळ, याचा मास्तरांना कोण अभिमान. गार्डसाहेबांना मात्र प्रार्थना नुसत्या पाठ होत्या. मास्तरांनी एखादा शब्द विचारला की ते म्हणत, आम्ही वाचतो, अर्थाचं काही माहीत नाही, आणि चहा मागवत. त्या दिवशीही त्यांनी चहा मागवला. मास्तरांनी सगळी हकिगत सांगितली आणि हात पसरून म्हणाले की मरणाला नावाने फसवायचं म्हणे, असलं अज्ञान तुमच्या पवित्र भाषेच्या लोकांत तरी असेल का.

गार्डसाहेबांनी बशीतला चहा संपवला. "माझं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, मास्तर," ते म्हणाले. "लहानपणी मी तापाने चाललो होतो. आईने मला मशिदीत नेलं आणि नाव बदलून आणलं." त्यांच्या लोकांत प्रार्थनेच्या मंदिराला मशीदच म्हणत.

"कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"मरणाचा दूत नाव पुकारत येतो. त्या नावाचं इथे कुणी नाही म्हटलं, की परत जातो."

"आणि तो फसला?"

"मी तुमच्यासमोर बसलोय की," गार्डसाहेब म्हणाले, आणि शिट्टी खिशात टाकून गाडीला गेले.

परतीच्या एस.टी.त मास्तर खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता कोश बाहेर फेकतात की काय. देव ज्या भाषेत बोलला, त्याच भाषेतली एक आई सगुणाबाईसारखीच घाबरली होती आणि तिनेही तेच केलं होतं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. भीमा ओलांडल्यावर पुढच्या चढाला गाडी धापा टाकू लागली आणि थांबून हळूहळू मागे सरकायला लागली. कंडक्टरने खाली उडी टाकली, बांधावरचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला. गाडी थांबली. सगळे उतरले. ड्रायव्हर इंजिनाशी खटपट करत होता, बायका बाभळीखाली बसल्या होत्या, आणि मास्तर गुडघ्यांवर हात टेकून त्या धोंड्याकडे बघत होते.

"एबन," ते म्हणाले.

मी विचारलं, काय?

तिथेच रस्त्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं. एबन म्हणजे धोंडा. एजर म्हणजे साहाय्य. पलिष्ट्यांशी लढाई जिंकल्यावर शमुवेल संदेष्ट्याने एक धोंडा उभा केला आणि म्हणाला, आतापर्यंत परमेश्वराने आम्हाला साहाय्य केलं, म्हणून त्याचं नाव एबनेजर. कोशाच्या पहिल्याच पानांत हा शब्द होता, वाळवी तिथवर पोचली नव्हती. नाव शास्त्रातलं, पाळकसाहेब नाही म्हणू शकत नव्हते. आणि त्यात धोंडू होता. मास्तरांचा चेहरा असा उजळला की कंडक्टरला वाटलं गाडी सुरू झाली.

शिरूरला उतरल्यावर ते घरी न जाता थेट बोर्डिंगच्या चुलीपाशी गेले. मी मागे होतोच.

"नाव आणलंय, सगुणाबाई. एबनेजर."

"म्हंजी?"

"धोंडा."

सगुणाबाईच्या हातातली भाकरी थांबली. "निस्ता धोंडा?"

इथे दुसरा कुणीही हो म्हणाला असता. मास्तर म्हणाले, "साहाय्याचा धोंडा. देवाच्या मदतीचा."

म्हातारीने भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. "न्हाई," ती म्हणाली. "मदतीचा म्हनलं की झालं का पुन्हा हवासा? नाव ह्येच ऱ्हाऊ द्या. पर देवळात तुमी उभं ऱ्हानार, तवा अर्धंच सांगा. रिबका ऐकत आसंल. आनि दुसरं बी कोन ऐकत आसंल."

मास्तरांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, दुसरा गोळा मळायला घेतला. ते तसेच परत फिरले. शनिवारपर्यंत त्यांनी धड जेवण केलं नाही. काकू मला म्हणाल्या, "एका म्हातारीला अर्धं पाहिजे न् यांना पुरं. मी आपली मेंढी, मी काय सांगू?"

ते पोर जगलं, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला लावणं मला आवडत नाही. बाजरी देऊन घेतलेला माझा मुलगा पुढे बापाहून हातभर उंच झाला. पण बाप्तिस्म्याच्या त्या रविवारी हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि रिबकाला तर नव्हतंच.

देऊळ भरलं होतं. कालेब रजा काढून आला होता. रिबका बाळाला पदराखाली झाकून पुढे उभी राहिली, नजर फरशीवर. पाळकसाहेबांनी नाव जाहीर केलं, एबनेजर, आणि सवयीने मास्तरांच्या बाकाकडे वळून थांबले. मागच्या बाकांवर लोक आरामात टेकून बसले. आता शमुवेल येणार, पलिष्टी येणार, म्हणजे ऊन वर चढेपर्यंत निश्चिंती. सगुणाबाई खांबाशी उभी होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

मास्तर उठले. डोळे उघडेच होते त्यांचे. त्यांनी एकदा रिबकाकडे पाहिलं आणि मग मान वर करून छताकडे, जणू तिथे कुणी कान देऊन बसलं होतं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एबनेजर म्हणजे धोंडा. साधा, रस्त्यातला धोंडा. कुणी उचलून न्यावा असं त्यात काहीही नाही."

आणि ते खाली बसले.

लोकांना कळेचना की अर्थ संपला. पाळकसाहेबांना शास्त्र येत होतं, उरलेला अर्धा अर्थ त्यांना पाठ होता. ते मास्तरांकडे बघत राहिले, मग त्यांनी पाण्यात हात घातला. थंड पाणी डोक्यावर पडताच पोराने टाहो फोडला. रिबकाने पदर बाजूला केला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळ्या देवळाला ऐकू येईल असं म्हणाली, "उगी, धोंड्या. उगी, माझ्या राजा."